विल्यम्सबर्गची गोल्फ-सहल : विश्रांतीची आखणी आणि इतिहासाची सीमा

(१)

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग हे शहर १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाच्या राजधानीचे ठिकाण होते. पुढे राजधानी रिचमंड येथे गेली, शहराचे महत्त्व ओसरले, आणि विसाव्या शतकात ते एका वेगळ्याच कारणाने पुन्हा प्रसिद्धीस आले. अठराव्या शतकातील रस्ते, घरे, न्यायसभा व पथिकाश्रम यांची पुनर्रचना करून उभे केलेले 'ऐतिहासिक क्षेत्र' येथे असून त्याचा विस्तार ३०१ एकर आहे. या क्षेत्राच्या शेजारीच, त्याच संस्थेच्या मालकीची गोल्फची मैदाने आहेत. साहजिकच येथे सुट्टी घालविण्यास येणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा दुहेरी असतो. सकाळ गोल्फच्या मैदानावर घालवावी व दुपारी जुने शहर पाहावे, किंवा एक दिवस खेळास व एक दिवस इतिहासास द्यावा, अशी त्याची रचना असते.

ही विभागणी इतकी सोयीची व स्वाभाविक वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः खेळाची भूमी व इतिहासाची भूमी यांमधील ही रेषा १९२६ नंतरच्या नियोजकांनी आखलेली आहे. जेम्स नदीच्या काठच्या ज्या जमिनीवर आज हिरवळ पसरली आहे, ती जमीन सतराव्या व अठराव्या शतकांच्या दृष्टीने जुन्या शहराइतकीच, किंबहुना काही बाबतींत अधिक बोलकी आहे. सहलीची आखणी करणारा ज्या दिवसाला केवळ खेळाचा दिवस समजतो, त्या दिवशीही तो इतिहासाच्या साधनांवरूनच चालत असतो. ही गोष्ट कागदपत्रे, उत्खनने व मैदानांची रचना यांच्या आधारे दाखवून देणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

(२)

प्रथम गोल्फ व वसाहतकाल यांच्या संबंधाविषयीचा एक समज तपासून पाहणे अवश्य आहे. भारतीय वाचकाच्या मनात गोल्फ व वसाहतीची सत्ता यांचे साहचर्य दृढ असते आणि त्याला सबळ कारण आहे. कलकत्त्यास १८२९ मध्ये व मुंबईस १८४२ मध्ये गोल्फचे क्लब स्थापन झाले. येथील छावण्या व थंड हवेची ठिकाणे यांच्याबरोबर हा खेळ पसरला. भारतातील जुने गोल्फ-मैदान हे स्वतःच वसाहतकालाचे एक साधन ठरते.

विल्यम्सबर्गची स्थिती याहून भिन्न आहे. इंग्रजी अमेरिकेत गोल्फची साधने वसाहतकाली अजिबात आली नव्हती असे नाही. १७४३ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ बंदरातून दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे ९६ दांडे व ४३२ चेंडू रवाना झाल्याची नोंद आहे. परंतु अमेरिकेत या खेळाने कायमचे मूळ धरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, न्यूयॉर्कजवळचा सेंट अँड्र्यूज क्लब १८८८ मध्ये निघाल्यानंतर. अठराव्या शतकातील विल्यम्सबर्गचे शिष्टजन आपला रिकामा वेळ घोड्यांच्या शर्यती, पत्ते, नृत्य, नाटक व हिरवळीवरील गोळ्यांचा खेळ यांत घालवीत. इंग्रजी अमेरिकेतील पहिले नाट्यगृह १७१६ नंतरच्या एकदोन वर्षांत याच शहरात विल्यम लेव्हिंग्स्टन याने उभारले. वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत पत्त्यांत हरलेल्या व नाटकाच्या तिकिटांवर खर्च झालेल्या रकमा आढळतात. गोल्फला तेथे स्थान नाही.

तथापि सुट्टीची आखणी ही कल्पना मात्र या शहराला नवी नाही. अठराव्या शतकात व्हर्जिनियाचे वरिष्ठ न्यायालय एप्रिल व ऑक्टोबर या दोन महिन्यांत भरत असे. या दिवसांना तेथे 'सार्वजनिक काळ' म्हणत. दूरदूरचे मळेवाले दावे, देणीघेणी व जमिनींचे व्यवहार उरकण्यासाठी येत, पथिकाश्रमांत दाटी होई, शर्यती व नाटके याच वेळी होत, आणि शहराची वस्ती काही दिवस दुप्पट होई. आज गोल्फसाठी येणाऱ्यांना सोयीचे म्हणून सांगितले जाणारे ऋतू वसंत व शरद हेच आहेत, कारण नदीकाठचा उन्हाळा फार दमट असतो. एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत शहर गजबजण्याची परंपरा अशा रीतीने वेगळ्या कारणाने पुढे चालू राहिली आहे. जुन्या 'सार्वजनिक काळा'त मात्र करमणूक व कारभार ही दोन खाती निराळी नव्हती; दिवसा न्यायालयात उभा राहणारा मळेवाला रात्री त्याच माणसांबरोबर पत्ते खेळत असे, आणि त्याची खोली झाडणारा, घोडा राखणारा व अन्न शिजविणारा बहुधा गुलाम असे.

(३)

विल्यम्सबर्गच्या पुनर्रचनेची कल्पना ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मोपदेशक डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांची. त्यांनी धनाढ्य उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर, धाकटे, यांचे मन या कार्याकडे वळविले. १९२६ च्या अखेरीस पहिले घर विकत घेण्यास रॉकफेलर यांनी अनुमती दिली. खरेदीमागचे नाव काही काळ गुप्त ठेवण्यात आले व १९२८ मध्ये ते नागरिकांच्या सभेत उघड झाले. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १९२९ मध्ये एक ताम्रपट सापडला. त्यावर अठराव्या शतकातील सार्वजनिक इमारती कोरलेल्या होत्या. या ताम्रपटाच्या व जेफरसनने काढलेल्या आराखड्याच्या साहाय्याने, १७८१ मध्ये जळून गेलेला गव्हर्नरचा वाडा मूळ पायावर पुन्हा उभारला गेला. वाडा व न्यायसभेची इमारत या दोन्ही वास्तू १९३४ मध्ये खुल्या झाल्या. ज्या जुन्या वास्तू उभ्या होत्या त्यांचा जीर्णोद्धार झाला. ज्या नष्ट झाल्या होत्या त्यांचे पुनर्निर्माण झाले. आणि एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील शेकडो इमारती पाडण्यात आल्या किंवा हलविण्यात आल्या.

या कार्याला आरंभापासूनच दोन अंगे होती. एक मंडळ शैक्षणिक कार्य पाही, दुसरे हॉटेले व व्यापारी कारभार पाही. पाहुण्यांसाठी १९३७ मध्ये जे 'विल्यम्सबर्ग इन' बांधण्यात आले, त्याची शैली हेतुपुरस्सर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची, म्हणजे रीजन्सी धाटणीची ठेवण्यात आली. विश्रामाची जागा व प्रदर्शनाची जागा यांची गल्लत होऊ नये, हा त्यामागील विचार होता. आधुनिक सोयी सीमेबाहेर आणि अठरावे शतक सीमेच्या आत, असा हा नियम होता. १९३१ मध्ये बांधावयास घेतलेला व १९५७ मध्ये पूर्ण झालेला, जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग व यॉर्कटाउन यांना जोडणारा २३ मैलांचा 'कलोनियल पार्कवे' याच नियमाला धरून आहे. त्यावर दुकाने नाहीत, जाहिराती नाहीत, मालमोटारींस मज्जाव आहे. प्रवाशाला एका कालखंडातून दुसऱ्यात जाताना वर्तमानकाळ दिसू नये, अशी योजना त्यात आहे.

गोल्फचे मैदान हे या नियमाचे पुढचे पाऊल होय. विश्रामगृहाशेजारी पूर्वी नऊ होलचे लहान मैदान होते. १९६३ मध्ये प्रख्यात मैदानरचनाकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी तेथील दऱ्याखोऱ्यांचा उपयोग करून अठरा होलचे नवे मैदान आखले. पाण्याने वेढलेल्या ग्रीनचा त्याचा सोळावा होल विशेष प्रसिद्धीस आला. १९९१ मध्ये त्यांचे पुत्र रीस जोन्स यांनी दुसरे मैदान आखले. अठरा होलच्या मैदानाला सामान्यतः १२० ते १८० एकर जमीन लागते. म्हणजे अशी दोन मैदाने एकत्र धरली तर ती ऐतिहासिक क्षेत्राच्या जवळपास बरोबरीची होतात. इतिहासाला जेवढी जमीन दिली तेवढीच खेळालाही लागते, ही गोष्ट या शहराच्या नकाशात सहज ध्यानात येत नाही, कारण एका जमिनीवर पाट्या आहेत व दुसरीवर झेंडे.

(४)

या मैदानांना 'गोल्डन हॉर्सशू', म्हणजे सोन्याचा नाल, असे नाव दिले आहे. ते १७१६ मधील एका मोहिमेवरून घेतलेले आहे. लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड काही सरदार-मंडळी, सैनिक व वाटाडे यांसह ब्लू रिज पर्वत ओलांडून शेनांडोआ नदीच्या खोऱ्यात उतरला. जॉन फाँटेन हा या मोहिमेत होता व त्याची दैनंदिनी उपलब्ध आहे. राजाच्या नावाने प्रदेश ताब्यात घेतल्याचे, बंदुकीच्या फैरी झाडल्याचे व नाना प्रकारच्या मद्यांनी राजघराण्याचे आयुष्य चिंतिल्याचे त्यात लिहिलेले आहे. सोन्याच्या नालांचा उल्लेख मात्र त्यात नाही. तो ह्यू जोन्स या धर्मोपदेशकाच्या १७२४ च्या ग्रंथात प्रथम येतो. किनारपट्टीच्या मऊ जमिनीवर घोड्यांना नाल मारण्याची फारशी गरज नसे. डोंगराळ वाटेसाठी ते मारावे लागले, आणि त्याचे स्मरण म्हणून गव्हर्नरने आपल्या सोबत्यांस सोन्याचे नाल वाटले, असे तो सांगतो.

पुढच्या काळात ही कथा एका साहसी व आनंदी सहलीच्या रूपाने रंगविली गेली व ते रूप गोल्फ-मैदानाला साजेसे आहे. पण मोहिमेचा अर्थ राजकीय होता. डोंगरापलीकडील प्रदेशावर फ्रेंचांच्या आधी हक्क सांगणे हा तिचा हेतू होता. त्यानंतर पश्चिमेकडील जमिनींच्या सनदा झपाट्याने दिल्या जाऊ लागल्या व खुद्द स्पॉट्सवुडने हजारो एकर जमीन मिळविली. मैदानाचे नाव म्हणून शिल्लक राहिलेली ही आठवण भूमिग्रहणाची आहे. नावे ठेवणाऱ्यांनी इतिहासाकडून आठवण घेतली आणि तिच्यातील व्यवहार गाळला.

सीमेच्या आत काय घडले तेही येथे पाहणे जरूर आहे. क्रांतीच्या सुमारास विल्यम्सबर्गच्या सुमारे १,९०० रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते व त्यांतील बहुतेक गुलाम होते. पुनर्रचनेच्या पहिल्या अर्धशतकात या लोकसंख्येला प्रदर्शनात जवळजवळ स्थान नव्हते. त्यांच्या जीवनाविषयीचे स्वतंत्र कार्यक्रम १९७९ मध्ये सुरू झाले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांच्या लिलावाचे नाट्यरूप दर्शन घडविण्यात आले तेव्हा त्यावर देशभर तीव्र वाद झाला. नॅसॉ रस्त्यावरील फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे उदाहरण याहूनही अर्थपूर्ण आहे. १७७६ पासून आपली परंपरा सांगणाऱ्या या कृष्णवर्णीय मंडळीची १८५६ मधील विटांची इमारत पुनर्रचनेच्या कार्यासाठी विकत घेऊन १९५५ मध्ये पाडण्यात आली, आणि पुढे त्या जागी मोटारी उभ्या करण्याचे आवार झाले. २०२० मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. २०२१ मध्ये मंडळीच्या सर्वांत जुन्या इमारतीचा पाया निश्चित झाला. साठांहून अधिक दफनांच्या खुणा मिळाल्या. फरसबंदीखाली राहिल्यामुळे हा पुरावा कित्येक वर्षे अदृश्य होता, आणि फरसबंदीखाली राहिल्यामुळेच तो काही अंशी टिकला. हीच दुहेरी गती गोल्फच्या हिरवळीखालील पुराव्यालाही लाभलेली आहे.

(५)

ही गती समजण्यासाठी या प्रदेशातील पुराव्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. सतराव्या शतकातील व्हर्जिनियात बहुतेक घरे दगडी वा विटांच्या पायावर नव्हती. जमिनीत मेढी रोवून त्यांवर लाकडी सांगाडा उभारीत. मेढी कुजल्या की घर नाहीसे होई, व मागे उरत ते नांगरटीच्या थराखालील मातीत दिसणारे मेढींचे काळसर डाग. पुराव्याचा हा थर पृष्ठभागापासून बहुधा हातभरच खोल असतो. गोल्फचे मैदान करताना उंचवटे कापतात, खोलगट भागात भर घालतात, ओहोळ अडवून तळी करतात. जेथे हातभर माती कापली जाते तेथे सतराव्या शतकातील घर कायमचे नष्ट होते. जेथे भर पडते तेथे ते झाकले जाऊन सुरक्षित राहते. मैदानरचनाकाराच्या आराखड्यातील एका वळणावर एखाद्या वसतिस्थानाचे भवितव्य अवलंबून असते. १९६६ चा राष्ट्रीय जतन कायदा संघराज्य सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेल्या कामांना लागू पडतो. निव्वळ खाजगी जमिनीवरील कामाला त्याचे बंधन नाही.

या पार्श्वभूमीवर विल्यम्सबर्गच्या आग्नेयेस, जेम्स नदीच्या काठी असलेल्या किंग्जमिलचे महत्त्व ध्यानात येते. १९६९ मध्ये पुनर्रचना-संस्थेने ही विस्तीर्ण जमीन मद्यनिर्मितीच्या अनहायझर-बुश कंपनीस विकली. कंपनीने तेथे मद्याचा कारखाना, करमणूक-उद्यान, निवासी वसाहत व गोल्फचे विश्रामस्थान अशी योजना केली. पीट डाय यांनी आखलेले नदीकाठचे मैदान १९७५ मध्ये तयार झाले व १९८१ पासून २००२ पर्यंत पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा येथे भरत असे. बांधकाम सुरू होण्यापूर्वी व ते चालू असताना, १९७२ पासून काही वर्षे, विल्यम केल्सो यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे विस्तृत उत्खनन झाले. व्हर्जिनियातील मळ्यांच्या अभ्यासाला या उत्खननाने नवी दिशा दिली. त्याचा वृत्तांत १९८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. याच केल्सो यांनी १९९४ पासून जेम्सटाउन येथे काम करून, नदीने गिळला असे समजल्या जाणाऱ्या मूळ किल्ल्याचे अवशेष शोधून काढले.

किंग्जमिल येथे जे आढळले त्यात श्रेष्ठींचे जीवन होते तसेच त्यांच्या सेवकांचेही होते. लुइस बर्वेल याचा १७३० च्या दशकातील वाडा एकोणिसाव्या शतकात जळाला. त्याच्या बाजूच्या दोन विटांच्या इमारती मात्र आजही उभ्या आहेत. 'यूटोपिया' या विलक्षण नावाच्या भागात गुलामांची वस्ती होती. १९९० च्या दशकात गॅरेट फेस्लर यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. घरांच्या जमिनीखाली खणलेली लहान लहान तळघरे, त्यांत ठेवलेल्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तू आणि जवळच एक दफनभूमी, हे त्या लोकांच्या जीवनाचे असे पुरावे आहेत की जे कोणत्याही मळेवाल्याच्या वहीत उतरले नव्हते. कंपनीची योजना झाली नसती तर ही उत्खनने त्या प्रमाणावर झाली नसती, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर ती योजना झाली म्हणूनच त्यांची निकड निर्माण झाली, हेही तितकेच खरे आहे. विश्रामस्थानातील आणखी एका मैदानाला 'प्लँटेशन' असे नाव देण्यात आले. ज्या शब्दाचा अर्थ यूटोपियाच्या दफनभूमीने स्पष्ट केला, तोच शब्द खेळाच्या पत्रिकेवर केवळ शोभेसाठी आला.

जेम्सटाउनच्या पश्चिमेस, चिकाहॉमिनी व जेम्स या नद्यांच्या संगमाजवळील 'गव्हर्नर्स लँड' हे दुसरे उदाहरण होय. १६१९ मध्ये व्हर्जिनिया कंपनीने गव्हर्नरच्या खर्चासाठी येथे ३,००० एकर राखून ठेवले. त्यापूर्वी हा पास्पाहे जमातीचा प्रदेश होता. ऑगस्ट १६१० मध्ये जॉर्ज पर्सी याने त्यांच्या गावावर हल्ला केला, घरे जाळली, पिके कापली. जमातीच्या प्रमुखाच्या पत्नीस व मुलांस पकडून पुढे ठार मारण्यात आले. पर्सीने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. आज या भूमीवर निवासी वसाहत व टॉम फॅझिओ यांनी आखलेले, सभासदांसाठीचे मैदान आहे. वसाहत बांधण्यापूर्वी झालेल्या उत्खननात पास्पाहे वस्तीच्या घरांचे अवशेष मिळाले. पर्सीच्या वृत्तांतात ज्यांचे केवळ मरण आहे, त्यांच्या नांदत्या घरांचा आकार या उत्खननामुळे समजला.

(६)

किंग्जमिलच्या भूमीचा भारताशीही एक धागा जुळतो व तो आजवर मराठी अभ्यासकांच्या फारसा नजरेत आलेला नाही. या जमिनीचा एक भाग सतराव्या शतकात 'लिटलटाउन' या नावाने ओळखला जाई व तो जॉर्ज मेनिफी या व्यापाऱ्याचा होता. १६३३ मध्ये डेव्हिड द व्रीस हा डच प्रवासी तेथे उतरला. त्याने मेनिफीच्या बागेचे व तेथील पीचच्या झाडांचे वर्णन केले आहे. त्या काळी व्हर्जिनियात दरडोई जमिनीचा नियम होता. जो कोणी आपल्या खर्चाने माणूस आणील, त्याला त्या माणसामागे ५० एकर जमीन मिळे. १६३५ मध्ये मेनिफीने या नियमानुसार जमिनीची सनद मिळविली. तिच्या आधारासाठी दिलेल्या नावांच्या यादीत 'टोनी' या नावाच्या एका माणसाची नोंद असून त्यापुढे तो 'ईस्ट इंडियन' असल्याचे लिहिले आहे. इंग्रजी अमेरिकेत आलेल्या पौर्वात्य माणसाची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक होय. मूळ नाव, गाव, भाषा यांपैकी काहीही त्या कागदाने राखले नाही. कागदाला त्याची गरजही नव्हती. त्या हिशेबात टोनी म्हणजे ५० एकर होते.

एक माणूस बरोबर ५० एकर, हे गणित ध्यानी घेतले म्हणजे मैदानाचे क्षेत्रफळ निराळ्या रीतीने वाचता येते. अठरा होलच्या एका मैदानाची १५० एकर जमीन म्हणजे, सतराव्या शतकातील परिमाणाने, समुद्रापलीकडून आणलेली तीन माणसे. या प्रदेशातील जमीनमालकीचा पाया माणसांच्या अशा मोजदादीवर रचला गेला.

यॉर्कटाउन हे पार्कवेचे दुसरे टोकही मराठी वाचकास अपरिचित राहू नये. जून-जुलै १७८१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसचा तळ काही दिवस विल्यम्सबर्ग येथे होता, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे त्याच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि १७९० ते १७९२ च्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने लढल्या. एका किनाऱ्यावर हरलेले साम्राज्य दुसऱ्या किनाऱ्यावर स्थिरावत होते. पुणे दरबारच्या कागदांत ज्याच्याशी गाठ पडते, तो सेनापती याच वाटेवरून गेला होता.

(७)

या सर्व विवेचनावरून सहलीच्या आखणीविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, खेळाचा दिवस व इतिहासाचा दिवस अशी वाटणी करण्याऐवजी प्रत्येक दिवस एका भूभागाला द्यावा. एक दिवस जेम्सटाउन व त्याच्या पश्चिमेकडील नदीसंगमाचा प्रदेश पाहावा, म्हणजे १६०७ ची वसाहत व तिने हटविलेली पास्पाहे भूमी यांचा संबंध उलगडतो. दुसरा दिवस किंग्जमिलला द्यावा. तेथे खेळणाऱ्याने आरंभी बर्वेलच्या वाड्याच्या उरलेल्या इमारती पाहाव्यात व उत्खननाचा वृत्तांत आधी वाचलेला असावा. मग नदीकडे उतरत जाणारी जमीन तंबाखूची पिंपे धक्क्याकडे नेण्याला किती सोयीची होती, हे चालता चालता कळते. तिसरा दिवस शहरास द्यावा. न्यायसभा व गव्हर्नरचा वाडा यांबरोबरच नॅसॉ रस्त्यावरील उत्खननाची जागा पाहावी. कृष्णवर्णीय मुलांसाठी १७६० ते १७७४ या काळात चाललेल्या ब्रे शाळेची मूळ इमारत २०२३ मध्ये ऐतिहासिक क्षेत्रात हलविण्यात आली, तीही पाहावी. चौथा दिवस यॉर्कटाउनचा. वसंत वा शरद ऋतू निवडला तर खेळाची सोय होतेच, शिवाय जुन्या 'सार्वजनिक काळा'चे ऋतुमान अनुभवास येते.

दुसरा निष्कर्ष संस्थेच्या अर्थकारणाविषयी आहे. विश्रांतीच्या उत्पन्नावर इतिहासाचे जतन व्हावे, ही मूळ योजना कायम लाभदायक ठरली नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील तीस वर्षांत तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांची संख्या सुमारे निम्म्यावर आली, आणि २०१७ मध्ये तोट्यामुळे संस्थेने गोल्फसह आपले काही व्यवसाय बाहेरच्या कंपन्यांकडे चालविण्यास दिले. खेळणारा आणि इतिहास पाहणारा हे दोन निराळे प्रवासी आहेत असे धरून चालल्याचा हा परिणाम कितपत आहे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. परंतु ज्या भूमीवर दोघांना एकच गोष्ट सांगता आली असती, तेथे ती दोन तुकड्यांत वाटली गेली, एवढे निश्चित.

तिसरा निष्कर्ष पद्धतीचा आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास तो सर्वांत उपयुक्त वाटावा. किंग्जमिलसंबंधी तीन प्रकारची साधने हाती आहेत : सतराव्या शतकातील जमिनीच्या सनदा, १९७२ नंतरच्या उत्खननांचे नकाशे, आणि गोल्फ-मैदानाचा आराखडा. पहिले साधन हक्क सांगते, दुसरे वास्तव्य दाखविते, तिसरे पुराव्याचा कोणता भाग उरला असेल याची दिशा देते. ही तिन्ही एकाच प्रमाणावर काढून एकमेकांवर ठेवली, तर खेळाच्या भूमीचा इतिहास शहराच्या इतिहासाइतकाच सलग वाचता येईल. महाराष्ट्रातील छावण्या, जिमखाने व थंड हवेची ठिकाणे यांच्या जमिनींचे दप्तर याच दृष्टीने तपासण्याजोगे आहे. तेथेही हिरवळीखालची जमीन कोणाकडून, कोणत्या किमतीस व कोणत्या कागदाने आली हा प्रश्न खेळाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे. टोनीचे नाव राहिले ते जमिनीच्या कागदात राहिले. तशी आणखी नावे मिळण्याचा संभव अशाच कागदांत आहे.